अकरा हजार कडक भाकऱ्या

"फुकट कोण शिकवतंय गं आजकाल?" मल्लप्पांनी सृष्टीच्या हातातला कागद घेऊन लांब धरला. "विक्री आणि मागणीचा अंदाज, तीन दिवस, वर जेवण. ह्यात कायतरी काळंबेरं हाय."

सात रस्त्याजवळ मल्लप्पांचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान. सृष्टी त्यांची सून. तिला गल्ल्यावर बसायचं होतं आणि मल्लप्पांनी अट घातली होती. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला किती भाकऱ्या लागतील ते तिनं आधी सांगायचं. कमी पडल्या किंवा उरल्या, तर पुन्हा गल्ल्याचं नाव काढायचं नाही.

सृष्टीनं तरी वर्गाला नाव घातलं. पहिल्याच दिवशी तिथल्या सरांनी मागच्या यात्रेचे आकडे आणायला सांगितले.

"आकडे?" मल्लप्पांनी आधी दार लोटलं. "समोरच्या भाकरीच्या दुकानाचा श्रीशैल पण येतोय की त्या वर्गाला?"

"येतात ना. माझ्या मागंच बसतात."

"मग झालंच. त्याला कळणार, इन्कमटॅक्सला कळणार. लिही, पंधराशे."

खरा आकडा तीन हजार होता. पण हा माणूस डॉक्टरलासुद्धा ताप एक डिग्री कमी सांगायचा.

सृष्टी काही दूधखुळी नव्हती. सरांनी शिकवलेलं सगळं गणित तिनं मन लावून केलं, उत्तर पंधराशेच्या आसपास आलं आणि सासऱ्यांचा स्वभाव जमेस धरून तिनं ते गुपचूप दुप्पट केलं. भाकऱ्या करून देणाऱ्या सुंदरम्माला तिनं तीन हजार सांगितल्या. अंदाज अगदी अचूक होता. बिघडलं ते पुढं.

सासूबाई गुरम्मांना वाटलं, पोर नवीन आहे, यांच्या आकड्यावर भाबडेपणानं विसंबली असणार. त्या भाजीच्या निमित्तानं बाहेर पडल्या आणि थेट सुंदरम्माकडं गेल्या.

"तिनं जेवढ्या सांगितल्यात की, त्याच्या दुप्पट कर. आन् घरात बोलू नगं."

"व्हय, व्हय," सुंदरम्मा म्हणाली. पण तिचा या अख्ख्या घराण्यावरच विश्वास नव्हता. मल्लप्पा दरसाल आधी हजार सांगायचे आणि ऐन यात्रेत "अजून दोन हजार दे" म्हणत धावत यायचे. तिनं दोन हजार आपल्या मनानंच वाढवल्या.

इकडं मल्लप्पांना झोप लागेना. पंधराशेवर अंदाज काढलाय म्हणजे भर यात्रेत नाचक्की ठरलेली! आकडा खोटा होता हे सुनेला सांगायची लाज वाटली. म्हणून त्यांनी अक्कलकोट रोडच्या बायकांकडून चोरून तीन हजार मागवल्या.

यात्रेच्या पहिल्या सकाळी दुकानापुढं टेम्पोवर टेम्पो लागले. भाकऱ्यांच्या थप्प्या छताला टेकल्या, पंखा लावता येईना.

"अकरा हजार!" मल्लप्पा मटकन बसले. मग एकेकाची कबुली बाहेर आली.

सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तीनच हजार सांगितल्या होत्या, मामा."

"तीन?" मल्लप्पा चपापले. "तुला खरा आकडा कुणी सांगितला?"

तेवढ्यात श्रीशैल रस्ता ओलांडून आला. त्यानं थप्प्या खालपासून वरपर्यंत न्याहाळल्या. "एवढा माल? कुटनं गर्दी यायलीय? काय कळलंय तुला?"

"काय न्हाय रे. अंदाज चुकला आमचा." धंद्यातलं हे मल्लप्पांचं उभ्या हयातीतलं पहिलं खरं वाक्य.

"मला येडा समजतोस व्हय? पाच हजार मला दे."

"अरे, खरंच चुकला!"

"सहा दे."

"आईशप्पत सांगतो, श्रीशैल!"

शपथ ऐकून श्रीशैलची खात्रीच पटली. तो रोख पैसे मोजून आठ हजार उचलून गेला.

उरलेल्या तीन हजार यात्रेच्या शेवटच्या संध्याकाळी बरोबर संपल्या. मल्लप्पा गल्ल्यावरून उठले, गादी झटकली आणि सुनेला म्हणाले, "बस."

सृष्टी बसते न बसते तोच श्रीशैल दारात. त्याच्या दुकानात अजून भाकऱ्यांची भिंत उभी होती.

"सृष्टी, खरं सांग गं. किती गेल्या तुमच्या?"

मल्लप्पांनी कान टवकारले. सृष्टीनं शांतपणे ड्रॉवर आत ढकलला.

"कुठलं काय काका, लई मंदी हाय."

मल्लप्पांचा ऊर भरून आला.