प्रल्हादअण्णांचे खिसे

प्रल्हादअण्णा आमच्याकडे आले की लगेच बसायचे नाहीत. आधी खिसे रिकामे करायचे. चाकू, टेस्टर, पक्कड, मोजायची टेप, सगळी मंडळी टीपॉयवर ओळीनं मांडून झाली की मग खुर्चीत टेकायचे. नवख्या पाहुण्याला वाटायचं, कुणाचं तरी ऑपरेशन आहे. आमच्या सोफ्याला एक भोक आहे, ते अण्णांनी हा नियम करण्याच्या आधीचं.

केशवापूरला आमच्या शेजारच्याच घरात ते राहतात. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. “इरली, लागतंय,” हे त्यांचं पालुपद. इरली म्हणजे कानडीत असू दे. दुकानात चाकू दिसला की अण्णा तो हातात घेत, पातं उघडून मिटत, मिटताना होणारा ‘टक्’ कानाशी नेऊन ऐकत आणि म्हणत, “इरली, लागतंय.” कशाला लागतंय, हे त्या घटकेला त्यांनाही ठाऊक नसे.

सुरुवात साधी होती. ऑफिसात पेन्सिलीला टोक काढायला लाकडी मुठीचा एक चाकू. शार्पनरनं काढलेल्या टोकाला ते टोकच मानत नसत. मग स्कूटर आली आणि चाकूच्या सोबतीला प्लगपाना आला. घर बांधलं तेव्हा टेप आणि टेस्टर. पुढे स्कूटर विकली, पण पाना खिशातच राहिला. मी विचारलं, तर म्हणाले, “शैला, दुसऱ्याची बंद पडते की!”

त्यांच्या टेलरनं एकदा माप घेता घेता विचारलं, “सर, प्यांट शिवायची की कपाट?” अण्णांनी ते मनावर घेतलं. म्हणाले, “कपाटच समज. आतून कॅनव्हास लाव.”

मग अमेरिकेतल्या भाच्यानं एक यंत्र आणून दिलं. एका मुठीत पक्कड, करवत, कात्री आणि बाटलीचं झाकण काढायचा आकडा. अण्णांनी ते काही दिवस वापरलं आणि त्याचं नाव ‘जावई’ ठेवलं. “दिसायला झकास. सगळं येतं म्हणतो, धड काही येत नाही.” हे त्यांनी खऱ्या जावयासमोर सांगितलं. जावई पुण्याचे. ते हसले, पण जरा उशिरा.

धारवाडला एका लग्नात मंगळसूत्राच्या पेटीची किल्ली हरवली. मुहूर्त जवळ आलेला, मुलीचे वडील घामाघूम. अण्णा शांतपणे उठले, जावई बाहेर काढला, त्याच्याकडे एकदा बघून परत ठेवला आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरनं कुलूप कडीसकट उतरवलं. टाळ्या पडल्या. जेवायला त्यांच्यासाठी रांगोळी काढून पान मांडलं, तर अण्णा गायब. ते मुदपाकखान्यात स्टुलावर चढून कार्यालयाचा पंखा घट्ट करत होते.

नातवाच्या मुंजीला पुण्याला विमानानं जायचं ठरलं, तेव्हा विमानतळावर तपासणीच्या ट्रेमध्ये एकेक वस्तू निघू लागली. तिथल्या मुलीनं विचारलं, “अंकल, हे सगळं कशाला?” इतक्या आस्थेनं त्यांना फार दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी करवतीपासून प्रात्यक्षिकाला सुरुवात केली. मग आणखी दोघे धावत आले. हे इथंच सोडून जावं लागेल म्हटल्यावर अण्णा ट्रे घेऊन माघारी वळले. त्यांच्या पत्नी, सुमतीअक्का, रेल्वेत बेळगाव येईपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बेळगावला मात्र डब्याचं झाकण अडकलं आणि बोलावंच लागलं.

मध्यंतरी मुलीच्या बाळंतपणासाठी मी बंगळूरला गेले आणि तिथंच वर्षभर अडकले. परत आले त्याच आठवड्यात कुकरचा दांडा ढिला झाला. सवयीनं तो घेऊन शेजारी गेले. अण्णा व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले. खिसे रिकामे न करता बसलेत, याचं मला जरा नवल वाटलं.

“अण्णा, स्क्रू आवळून द्या की.”

त्यांनी खिशात हात घातला. एक लाल रिबीन बाहेर आली. मग कपड्याचा चिमटा, चेनची छोटी पर्स, रंगीत मणी. सगळं परत आत ठेवून म्हणाले, “नाही गं. ते सगळं माळ्यावर टाकलंय. नंतर काढून देतो.”

मी काही विचारणार, तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. साडी नीट, वेणी नीट. एरवी मला ‘शैले’ म्हणून हाक मारणाऱ्या अक्का म्हणाल्या, “बसा की. गावाहून कधी आलात?”

“कालच,” अण्णांनी माझ्या वतीनं सांगितलं.

अक्का त्यांच्या शेजारी बसल्या आणि सरळ त्यांच्या खिशात हात घातला. अण्णांनी त्यांच्याकडे न बघताच कोपर थोडं वर उचललं.

“तिचं काहीतरी हरवलंय,” ते मला हळू आवाजात म्हणाले. “काय ते तिलाही सांगता येत नाही. आधी घरातली कपाटं उपसायची. मग फाटक उघडून जायला लागली. स्टेशनच्या रस्त्याला सापडली एकदा, अनवाणी. नंतर माझे खिसे शोधायला लागली आणि चाकूनं बोट कापून घेतलं. त्या दिवशी सगळं काढलं.”

“आणि हे?”

“खिसा रिकामा लागला की उठते, परत फाटकाकडे जाते. काही हाताला लागलं की बसते जरा. रोज काहीतरी वेगळं घालतो.”

अक्कांनी पर्सची चेन उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आत वेलदोडा होता. तो हुंगून त्यांनी बाजूला ठेवला. मग खिशाच्या तळाशी त्यांना एक मोठं निळं बटण सापडलं. त्यांनी ते उजेडात धरलं. चेहरा एकदम मोकळा झाला.

“सापडलं?” अण्णांनी विचारलं.

“हो की!”

“तुझंच आहे. ठेव तुझ्याकडे.”

अक्कांनी थोडा वेळ विचार केला. मग बटण त्यांच्या खिशात परत सोडलं आणि वरून हातानं दाबून बसवलं.

“तुमच्यापाशीच राहू दे,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडून हरवतं.”