शिवाप्पाच्या नावाची तबकडी

गाडीचा आख ओढ्याच्या मधोमध मोडला आणि आम्ही भांड्याकुंड्यांसकट पाण्यात पडलो. सासूबाईंचा पाय चाकाखाली अडकला. मागच्या गावाकडं धूर दिसत होता. आणि आमचे शेजारी शिवाप्पाकाका डोक्यावर गाण्याच्या तबकड्यांची लाकडी पेटी धरून मला सांगत होते, "सूनबाई, वाकळ भिजू देऊ नको. तिच्यात ती हाय."

सासूबाई म्हणाल्या, "मेल्या, माझा पाय चाललाय अन तू वाकळ बघून राहिला?"

"अक्का, पाय जोडता येतो. तबकडी जोडता येत न्हाई."

बोलले असं, पण चाक काही आमच्या मालकांना एकट्याला उचलेना. काकांनी पेटीकडं एकदा बघितलं, ती दगडावर ठेवली आणि चाकाला खांदा लावला. पाय शाबूत निघाला. पेटी घसरून खालच्या दगडांवर आदळली. आत काय झालं ते उघडून बघायची गरज नव्हती.

हे निजामाच्या शेवटच्या दिवसांतलं. आमचं गाव चाकूर. आज धाड येणार, उद्या येणार, अशी रोज नवी हूल उठायची. लोक गाड्या जुंपून हद्दीपलीकडं निघाले होते. कुणी दागिने घेतले, कुणी देव घेतले. काका आमच्या गाडीत चढले ते तबकड्या घेऊन. त्या वाजवायचा फोनो त्यांनी आधीच मालकांच्या पाठीला बांधून टाकला होता. मालकांना विचारलंसुद्धा नव्हतं.

काकांचं किराणा दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि गुळाच्या ढेपेमागं तबकड्या. गोंधळ्यांच्या, वाघ्या-मुरळीच्या, भेदिक गाण्यांच्या, बायकांच्या ओव्यांच्या. नांदेडच्या बाजारात कुणी जुनी तबकडी काढली की हे दुकान बंद करून तिकडं. सिनेमाच्या गाण्यांची फुकट दिली तरी घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "त्यांना सांभाळणारे लई हायेत."

तबकड्या भुशात उभ्या ठेवायचे. आडवी निजवली की वाकडी होते म्हणे, म्हाताऱ्या माणसासारखी. पुसायला इरकली लुगड्याचा एक मऊ तुकडा होता, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि फोनोची लोखंडी सुई घरात नाही. बाभळीचा काटा तासून लावायचे. "सुई खाती," म्हणायचे, "काटा चाटतो."

हे वाक्य गावानं इतकं ऐकलं होतं की पोरंसुद्धा त्यांना बघून म्हणायची. एकदा एका वरातीत फोनो लोखंडी सुईवर चालला होता. काकांनी जाऊन तो बंद केला, खिशातून काटा काढला आणि तिथंच तासत बसले. नवरदेव घोड्यावर, वाजंत्री गप्प, घोड्यानं लीद टाकली. काटा मनासारखा झाल्यावरच वरात हलली.

आता वाकळीतली 'ती'. ती तबकडी त्यांच्या बायकोच्या, सुगलाबाईच्या गाण्याची. मी लग्न होऊन आले तेव्हा ती बाई वारलेली होती. पूर्वी तबकड्यांच्या कंपनीचे लोक नांदेडला येऊन एका धर्मशाळेत मेणाच्या तबकडीवर गाणी भरून घ्यायचे. काका तिला बैलगाडीनं तिथं घेऊन गेले होते. दुकानदाराची बायको कंपनीच्या पेटीत गायली म्हणून गावानं तोंडं वाकडी केली. तबकडी छापून आली तोवर ती नव्हती. आणि तबकडीच्या मधल्या कागदावर गाणाऱ्याचं नाव छापलं होतं: शिवाप्पा, चाकूर.

ते वाचून सासूबाई जन्माच्या चिडल्या. "गायली ती, अन नाव ह्याचं. मेलेल्या बायकोचं गाणंबी सोडलं न्हाई मेल्यानं."

काका ऐकून घ्यायचे. वर्षातून एकदा, तिच्या तिथीला, ती तबकडी लावायचे. आम्ही भिंतीपलीकडून ऐकायचो. दळता दळता म्हणावी तशी ओवी, पण संपत आली की हे काटा उचलायचे. शेवट कुणी ऐकला नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "शेवटाला तिनं शिव्या घातल्या असतील."

सासूबाईंना बैलावर बसवून हद्दीपलीकडं पोचलो. चिंचेखाली कपडे वाळत घातले. काकांनी पेटी उघडली आणि पुन्हा बंद केली. मग वाकळ सोडली. ती एकच निघाली, तिचीही तीन बोटं कड उडालेली.

तबकडी बाहेरून आत वाजते. कड गेली म्हणजे सुरुवात गेली. उरला तो शेवट.

मालकांच्या पाठीवरचा फोनो तेवढा धड राहिला होता. काका त्यावर काटा लावायचे आणि परत काढायचे. सासूबाई सुजलेला पाय पुढं करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लाव की. लावायचीच न्हाई तर राहिली काय अन फुटली काय."

त्यांनी लावली. खरखर, अर्धी ओवी, मग गाणं थांबलं. एक पुरुष दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, आता नाव घ्या." मग सुगलाबाई लाजत म्हणाली:

"मेणाची तबकडी फिरते गरगर,
शिवाप्पांचं नाव घेते, चाकुरात माझं घर."

काटा आत जाऊन घासत राहिला. काकांनी या वेळी तो उचलला नाही.

"गाणाऱ्यानं शेवटी आपलं नाव सांगायचं, अशी कंपनीची रीत," ते म्हणाले. "कारखान्यातल्याला काय छापायचं ते कळावं म्हणून. तो म्हणला नाव घ्या. हिनं माझं घेतलं. त्यानं तेच छापलं."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? शिव्या खात बसलात."

"सांगायचं तर वाजवावं लागतं. वाजवलं की झिजतं, सूनबाई. तिनं जित्तेपणी माझं नाव घेतलं ते लग्नात एकदा अन हे."

मालक उगाच बैलांकडं गेले. सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"शिवाप्पा," त्या म्हणाल्या, "उचल आता. काटा चाटून राहिला."

पेटीतल्या सगळ्या तबकड्या गेल्या. त्या ओढ्यातून आम्ही चौघं जिवंत वर आलो: सासूबाई, मालक, मी आणि शिवाप्पाकाका.