पट्टेरावांच्या लाल हिरड्या

बाळांनो, आधी एक सांगा. दोघे जण तुमच्या दारात आले. एक म्हणाला, "तुमची तब्येत छान आहे." दुसरा म्हणाला, "जरा तोंड उघडा." विश्वास कोणावर ठेवाल?

घाई नको. उत्तर मनात ठेवा आणि ऐका.

एका जंगलात, म्हणजे कुठल्या ते विचारू नका, तिथल्या मधाचा आणि डिंकाचा व्यवहार अजून चालू आहे, पट्टेराव नावाचा वाघ राज्य करत होता. त्या जंगलात रोज सकाळी जांभईचा दरबार भरे. सूर्य वर आला की पट्टेराव काळ्या खडकावर चढत आणि भलीमोठी जांभई देत. दात लालभडक दिसत. प्रजा थरथर कापे. मग ज्याची त्याची चरायची वेळ होई.

प्रजेला वाटे, महाराजांनी रात्री शिकार केली.

खरी गोष्ट एकट्या पट्टेरावांना ठाऊक होती. त्यांनी कितीतरी दिवसांत उंदीरसुद्धा मारला नव्हता. एका उन्हाळ्यात त्यांना मोहाच्या फुलांच्या लगद्याची चटक लागली. लगदा गोड, चिकट आणि पळून न जाणारा. असं भक्ष्य मिळाल्यावर धावतंय कोण? लगदा दातांना चिकटून राही. चूळ भरणं वाघाच्या शिष्टाचारात बसत नव्हतं. दातांवर कीटण चढलं, हिरड्या सुजल्या आणि जीभ लागली तरी रक्त येऊ लागलं.

सकाळी प्रजेला दिसे ते रक्त महाराजांचं स्वतःचंच होतं.

आता तुम्ही विचाराल, कोणी मेलं नाही हे प्रजेच्या लक्षात कसं येईना? त्याचं असं आहे. चितळांना वाटे, सांबरांतलं कोणीतरी गेलं. सांबरांना वाटे, चितळांतलं गेलं. दोन्ही कळप एकमेकांकडे रोज शोकसंदेश पाठवत. सांबरांचे पुढारी शिंगाडेअण्णा तर फार सुंदर भाषण करत. "आपली पोकळी भरून निघणार नाही," असं ते म्हणत, आणि चितळं हुंदके देत. कोण गेलं, हे विचारणं बरं दिसत नसे.

असं सगळं सुखात चाललं होतं. तेवढ्यात पट्टेरावांचा डावा सुळा हलू लागला.

सुळा गेला तर वाघात आणि मोठ्या मांजरात फरक तो काय राहिला? त्यांनी दिवाणांना बोलावलं. दिवाण म्हणजे मुंगूस, नकुलपंत. पंतांनी लांबूनच तोंडात डोकावून पाहिलं आणि तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं. वर भाजलेल्या तंबाखूची मिश्री आणून दिली आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर चोळायला सांगितली. चोळताच हिरड्या बधिर झाल्या. दुखणं कळेना, म्हणजे रोग गेला, असा पंतांनी निकाल दिला.

सुळा मात्र हलतच राहिला. शेवटी पट्टेराव गुपचूप काटेआत्याच्या बिळाशी गेले.

काटेआत्या म्हणजे म्हातारी साळिंदर. जन्मभर मुळं कुरतडून तिचे दात अजून खणखणीत होते. तिनं राजाला मुजरा वगैरे केला नाही.

"आ कर," ती म्हणाली.

पट्टेरावांनी आ केला. आत्यानं नाक मुरडलं आणि सांगितलं की हिरडी दात सोडून मागं सरकली आहे, मधल्या खाचेत घाण साचली आहे. अजून हाड शिल्लक आहे तोवर सुळा टिकेल. कीटण खरवडायचं, रोज बाभळीच्या काडीनं दात घासायचे, जेवणानंतर चूळ भरायची, मिश्री फेकून द्यायची.

मागोमाग आलेले नकुलपंत झुडपातून म्हणाले की कीटण काढलं तर दात पडतील, कारण दात कीटणानंच धरून ठेवले आहेत.

"तुझ्या घराच्या खांबाला वाळवी लागली तर वाळवीनं खांब धरलाय म्हणशील का रे?" आत्या म्हणाली.

पट्टेरावांनी भीतभीत विचारलं, "पण आत्या, घासलं की रक्त येतं. म्हणून तर मी हात लावत नव्हतो."

"लावत नव्हतास म्हणून तर येतं. दात दुखला की गाव गोळा करतो, बाबा. हिरडी मुकाट्यानं सोसते, आणि एक दिवस दात तुझ्या पंजात ठेवून मोकळी होते."

आत्यानं आपला एक काटा उपसला आणि कीटण खरवडायला घेतलं. पट्टेराव डोळे मिटून, शेपटी पंजात घट्ट धरून बसले. त्यानंतर ते रोज पहाटे ओढ्यावर जाऊन, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून, काडी चावू लागले. सूज उतरली, हिरड्या गुलाबी झाल्या. सुळ्याचं हलणं थांबलं. पट्टेराव दिवसभर जिभेनं तो चाचपत आणि मनात हसत.

मग एका सकाळी त्यांनी खडकावर चढून जांभई दिली. दात पांढरेशुभ्र. रक्ताचा टिपूस नाही.

प्रजा कापायचं विसरली. शिंगाडेअण्णांचं भाषण तयार होतं, ते वाया गेलं. महाराज आजारी आहेत, अशी कुजबुज झाली. दोन दिवसांत वानरं खडकावर येऊन उवा वेचू लागली. एका रानडुकरानं महाराजांना "काय पट्टेराव, जेवलात का?" असं विचारलं. अहोजाहो होतं, पण त्यात धाक नव्हता.

पंतांनी पळसाची फुलं चघळायचा सल्ला दिला. दात केशरी झाले. एका वानरानं विचारलं की महाराजांचं लग्न ठरलं का.

आता मात्र पट्टेराव चिडले. त्यांनी मनाशी म्हटलं, दात आहेत, मजबूत आहेत, मग खरीच शिकार का करू नये? त्या रात्री ते निघाले. सवय मोडली होती, म्हणून जो सर्वांत हळू चालणारा आणि सर्वांत मोठ्यानं बोलणारा होता तोच सापडला. शिंगाडेअण्णा.

सकाळी जांभईत रक्त होतं. कोणी कापलं नाही. सांबरांनी चितळांकडे पाहिलं, चितळांनी सांबरांकडे. या वेळी कोण गेलं ते सगळ्यांना माहीत होतं. शोकाचं भाषण करणाराच उरला नव्हता.

दुपारी शिष्टमंडळ आलं. पुढे शिंगाडेवहिनी. डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर.

"महाराज, भ्यायला आमची ना नाही," त्या म्हणाल्या. "रोज भिऊ. वेळेवर भिऊ. पण मरायचं आमच्याच्यानं होणार नाही. आजवर कधी केलं नाही."

पट्टेराव गोंधळले. वाघानं शिकार करायची नाही तर काय करायचं, असं त्यांनी विचारलं.

वहिनींनी शांतपणे सांगितलं की पूर्वी करत होतात तेच. मोहाचा लगदा प्रजा करून देईल, दोन्ही वेळा, देठ काढून. फक्त हिरड्या पूर्वीसारख्या करून घ्याव्यात. नाहीतर सगळे कळप नदीपलीकडे जातील. मग महाराजांनी खडकापुढे जांभई द्यावी आणि खडकानंच कापावं.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. कदाचित पहिल्या दिवसापासून.

"आणि माझे दात?" पट्टेरावांनी विचारलं.

"आम्हाला आपली दहशत हवी आहे, महाराज. दातांचं आपलं आपण बघा."

पट्टेराव तडक काटेआत्याकडे गेले. आत्या म्हणाली, दात घास, लगदा खा, कोणाला मारू नकोस आणि तोंड दाखवत फिरू नकोस. वाघ म्हणून जग, राजा म्हणून नको.

पट्टेरावांनी जिभेनं सुळा चाचपला. घट्ट होता. मग त्यांनी वळून काळ्या खडकाकडे पाहिलं. ऊन पडून तो चमकत होता.

"वाघ कितीतरी असतात, आत्या," ते म्हणाले, आणि बाभळीची काडी त्यांनी ओढ्यात सोडून दिली.

लगदा सुरू झाला. मिश्री सुरू झाली. हिरड्या पुन्हा फुगल्या, सकाळ पुन्हा लाल झाली. सांबरं कापू लागली, चितळं संदेश पाठवू लागली. आत्याच्या बिळापुढे मात्र रांग लागली. हरणं, ससे, वानरं, झाडून सगळी प्रजा कीटण काढून घेऊन काडी घेऊन गेली. जंगलात वाईट हिरड्या एवढ्या एकाच तोंडात राहिल्या, आणि तिथं त्या कायद्यानं राखल्या गेल्या.

पुढच्या थंडीत, भर दरबारात, जांभई अर्ध्यावर असताना डावा सुळा निसटला. खडकावर आपटून तो टक्कन वाजला आणि घरंगळत खाली आला.

पट्टेरावांचं तोंड उघडंच राहिलं.

शिंगाडेवहिनी पुढे आल्या. त्यांनी सुळा उचलला, गवतावर पुसला आणि अदबीनं महाराजांच्या पंजाशी ठेवला.

"काल रात्रीच्या शिकारीचा दात अडकला असेल," त्या म्हणाल्या. "कोण बिचारा होता कोण जाणे."

सगळी प्रजा थरथर कापली. चितळांनी सांबरांचं सांत्वन केलं. आणि पट्टेराव, जिभेनं ती रिकामी जागा चाचपत, म्हणाले, "होफ."

तात्पर्य: हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तर वैद्याकडे धावू नये. आधी चौकशी करावी की त्या रक्तावर कोणाकोणाची शांतता अवलंबून आहे. राजाला सुळे नसले तरी चालतात, सुळ्यांची आठवण ठेवणारी प्रजा असली म्हणजे झालं.

एवढं मात्र कराल का, बाळांनो? जगाला काय सांगायचं ते सांगा. पण रात्री चूळ भरल्यावर आरशापुढे आ करा, आणि किती दात घट्ट, किती हलते, आणि रक्त कोणाचं, हा हिशेब निदान स्वतःशी तरी खरा ठेवा.