मगज काढलेली हरिणी

बाळांनो, एका जंगलात, जिथं आजाराच्या आधी सल्ला पोचायचा, उंबरी नावाची हरिणी राहायची. घरची थोरली सून. सोमवार, चतुर्थी, हरतालिका, सगळं मनापासून करणारी.

चार महिने झाले, तिला चढण चढवेना. ओठ पांढरे पडले. रक्त तपासलं, तरी उलगडा होईना.

तेव्हा साळिंदर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कमरेच्या मागच्या हाडातला मगज दोन सुयांनी काढून बघायला हवा. रक्त तिथंच तयार होतं."

खिडकीशी टपलेल्या टिटवीनं एवढंच ऐकलं, मगज काढणार! दुपारपर्यंत जंगलभर झालं, की उंबरीचं डोकं रिकामं करणार.

धाकटी जाऊ धावत आली. "जाऊबाई, मगज गेल्यावर तुम्हाला पुरण कसं जमायचं हो?"

सासूबाई थेट डॉक्टरीणबाईंकडे. "टोचायचं तर एकदाच टोचा की. दोन-दोन सुया कशाला?"

"आजी, पहिलीनं रस ओढायचा. त्यात पेशी एकेक दिसतात. दुसरीनं हाडाचा कणीएवढा तुकडा काढायचा. त्यात त्या कशा नांदतात ते कळतं."

"नांदतात? म्हणजे तिथंही एकत्र कुटुंब?"

"तिथंही. म्हणून तर बघायचं."

उंबरी भ्याली होती. आता व्रतांच्या कहाण्याच विसरले तर? ती कुशीवर निजली. जागा बधिर झाली. तशी ती शुक्रवारची कहाणी पुटपुटू लागली. रस ओढताना मांडीत सणकन कळ गेली. कहाणी थांबली, आणि होती तिथूनच पुढे निघाली.

आठवड्यानं निकाल आला. भलतंसलतं काही नव्हतं. एक जीवनसत्त्व पार आटलं होतं.

"इंजेक्शनं घ्या. महिनाभर उपास नाही, काम नाही. तरच बऱ्या व्हाल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

उंबरीनं खूर जोडले. औषध मिळालं, पण त्या घरात थोरल्या सुनेला विश्रांती कोण देणार?

दारातच सासूबाईंनी तिला निरखून पाहिलं. "काढला का गं मगज?"

"काढला," उंबरी म्हणाली. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती.

"अगं बाई! हिला चुलीपाशी फिरकू देऊ नका. मिठाच्या जागी साखर घालील!"

उंबरी समजावून सांगणार होती. तोंड उघडलंही होतं. मग तिनं देवाचं नाव घेतलं आणि पाय पसरून निजली. महिन्याभरात ओठ तांबूस झाले.

तात्पर्य : गैरसमज जरूर दूर करावा. मात्र आधी औषधाचा कोर्स पूर्ण करावा.