पान सत्तेचाळीसचे स्पष्टीकरण

"न समजलं त इचार वं. धागा तुटला त जोडता येते, नक्षी चुकली त सारं उसवावं लागते." मागावर बसलेले बापूजी नातीला किनार शिकवताना असं म्हणत. तीन उचल, एक सोड, फिरून ये. (एवढ्यावर अख्खं लुगडं निघे. परिशिष्ट नसे.)

तांत्रिक वाक्य जितकं कमी समजतं तितकं ते जास्त टिकतं, हे सत्य बापूजींना ठाऊक नव्हतं. नातीला, म्हणजे प्रणालीला, ते रामदासपेठेतल्या एका कचेरीत लागल्यावर कळलं. तिथं विणकरांचा डेटाबेस होता, आणि त्यातून नावांची यादी कशी काढायची याची एकशे बारा पानांची पुस्तिका होती.

पान सत्तेचाळीसवर लिहिलं होतं : "रकाना रिकामा असल्यास नोंद योग्य प्रकारे हाताळावी." म्हणजे दाखवावी की वगळावी, हे पुस्तिकेनं मोठ्या मनानं मोकळं सोडलं होतं. संगणकाला मोठं मन नसतं. तो वगळत असे.

त्यात उमरेडच्या सखूबाई वगळल्या गेल्या. जन्मतारखेचा रकाना रिकामा. म्हणून यादीत नाव नाही, म्हणून विणकराचं ओळखपत्र नाही, म्हणून दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल नाही. दर मंगळवारी त्या पहिल्या बसनं येत आणि पिशवी मांडीवर घेऊन समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसत.

समिती प्रणालीमुळेच नेमली गेली होती. या नातीनं पान सत्तेचाळीसचं स्पष्टीकरण मागितलं होतं. सहा बैठकांनंतर ते मिळालं : "योग्य म्हणजे उचित." मग 'उचित'साठी शब्दसूची छापली. तीत होतं : 'उचित – योग्य पाहा.' काम जोरात होतं. बैठका अकरा, तर्री-पोह्याच्या प्लेटा एकशे चौतीस, तर्री सांडलेले मसुदे नऊ, सहमती संपूर्ण. (कशावर, ते ठरवायला उपसमिती.)

"साहेब, दाखवू का वगळू, एवढंच सांगा ना," प्रणाली अध्यक्ष आनंदरावांना म्हणाली.

"घाई काहून करून राहिली वं? वाक्य नाजूक आहे."

प्रदर्शनाच्या नावनोंदणीचा शेवटचा दिवस मंगळवारीच आला. त्या सकाळी बाराव्या बैठकीनं अंतिम निर्णय दिला : "रिकामा रकाना म्हणजे ज्यात काही नाही असा रकाना, तथापि काही नसणे हेही काही असू शकते." टाळ्या झाल्या. ग्रुप फोटो झाला. फोटोत उजेड यावा म्हणून सखूबाईंना बाक थोडा सरकवायला सांगितलं.

प्रणाली हताश होऊन त्यांच्याशेजारी टेकली. कानात बापूजी होतेच.

"आजी, तुमची जन्मतारीख काय हो?"

"चार जुलै, त्रेपनचा जन्म." सखूबाईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला शाळेचा दाखला काढून तिच्या हातावर ठेवला.

रकाना भरला. नाव यादीत आलं. लागलेला वेळ : चाळीस सेकंद. (त्यात संगणकानं एकदा पासवर्ड मागितला.)

"इतके महिने सांगितलं काहून नाही, आजी?"

सखूबाईंनी पिशवीची गाठ मारली. "कोणी इचारलंच नाही पोरी. आतमधी एवढे शिकलेले लोक माह्याचसाठी बोलून राहिले होते. मधात मी कायले बोलू?"

(त्या चौथ्या परिच्छेदापासून इथेच बसल्या होत्या. तुम्ही तरी कुठे विचारलंत?)