मधातून, तीन वेळा

एका जंगलात सगळे प्राणी एकमेकांना खात होते, तरी तिथे एक आरोग्य केंद्र होतं. हसू नका, बाळांनो. केंद्र असणं वेगळं आणि आरोग्य असणं वेगळं, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

केंद्रात डॉक्टर सारस होते. हरिणी सिस्टर होती. औषधाच्या खिडकीत वानर कंपाउंडर होता. वजनकाट्याला तेल घालायला एक मुंगूस होतं, आणि ते रजेवर गेलं की तेल घालायला दुसरं मुंगूस होतं. फक्त ‘तू खातोस काय?’ असं विचारायला कोणी नव्हतं. खाणं तर सगळ्यांनाच येतं, त्यात विचारायचं काय!

तिथे अण्णा अस्वल येऊ लागले. त्यांची साखर वाढली होती आणि डाव्या पायाची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी कडू पुडी दिली. वानराने पुडीवर शिक्का मारला : ‘मधातून, तीन वेळा’. शिक्का त्याच्या आजोबांच्या वेळचा. खोकला असो, खरूज असो, शिक्का हाच.

अण्णा फार गुणी रोगी. साखर कळल्यापासून त्यांनी मध सोडला होता, पण डॉक्टरी हुकूम कसा मोडणार? एका पुडीला एक वाडगा मध. साखर वाढली. डॉक्टरांनी पुड्या सहा केल्या, अण्णांनी वाडगे सहा केले. पुड्या नऊ झाल्या. पुढचं तुम्हीच सांगा.

शेवटी डॉक्टर म्हणाले, “औषध लागू पडत नाही. गुरुवारी पाय कापू.”

अण्णा रडतच बाहेर आले. तीन पायांचं अस्वल झाडावर चढणार कसं?

बाहेर जांभळीखाली साळूताई साळिंदर बसे. आहाराचं शास्त्र शिकून आली होती, पण केंद्रात तिला जागा नव्हती. तिने विचारलं, “अण्णा, पुडी घेता कशातून?”

“मधातून. शिक्काच आहे की! एक दिवस चुकवलेला नाही मी.”

साळूताईचे काटे उभे राहिले. ती तडक आत गेली.

“डॉक्टर, पाय नका कापू. पुडी पाण्यातून द्या. आणि ते दिवसभर काय काय खातात, ते मला नीट विचारू द्या.”

डॉक्टरांनी मान खाली वाकवली. सारसाची मान, जरा वेळ लागला. “आपण कोण?”

“आहारतज्ज्ञ.”

“आमच्या यादीत आहार नाही. मुंगूस आहे. मुंगसाची जागा रिकामी झाली तर कळवू.”

नशीब अण्णांचं! गुरुवारी डॉक्टरांना शेजारच्या जंगलात ‘समतोल आहाराचे महत्त्व’ यावर भाषण द्यायला जावं लागलं. कापाकापी महिनाभर पुढे गेली.

त्या महिन्यात साळूताई रोज अण्णांच्या गुहेत जाऊन बसली. पुडी पाण्यातून. मोहाच्या फुलांऐवजी वाळवी. खाल्ल्यावर ओढ्यापर्यंत फेरी. अण्णा कुरकुरले, एकदा तर तिच्यावर धावूनही गेले आणि काटे टोचल्यावर परत बसले. साखर उतरत गेली, तसतशी सिस्टर पुड्या कमी करत गेली. जखम भरली. पाय वाचला.

सिंहमहाराजांनी मोठा समारंभ केला. डॉक्टरांना शाल मिळाली. मुंगसांना दोन.

अण्णांना राहवलं नाही. ते उठून म्हणाले, “महाराज, माझा पाय वाचवला तो साळूताईंनी. मी काय खातो, हे एवढ्या जंगलात त्यांनीच विचारलं.”

महाराजांनी आयाळ झटकली. “म्हणजे बाईंना खाण्यातलं कळतं? आणि इतके दिवस जांभळीखाली बसवलंत? लाज वाटली पाहिजे! यांना उद्यापासून नोकरी द्या.”

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी साळूताईची नेमणूक झाली, महाराजांच्या मुदपाकखान्यात.

पुढच्या आठवड्यात अण्णांना खोकला झाला. वानराने पुडी दिली. अण्णांनी शिक्का वाचला. मग ते बाहेर येऊन जांभळीखाली बघत बराच वेळ उभे राहिले. तिथे कोणी नव्हतं.

अण्णा गुणी रोगी होते. ते मध आणायला गेले.

तात्पर्य : बाळांनो, आजाऱ्याला ‘काय खातोस?’ असं कधी विचारू नये. तो बरा होतो आणि आपल्याला भाजी चिरायला बसवतात.