आधी खोटं, मग खरं

गायधनीकाकांना पंखा उतरवायचा होता. त्यांनी आधी छताच्या शेजारच्या कडीला छत्री टांगली, स्टुलावर चढून ती उतरवली, पुन्हा टांगली, पुन्हा उतरवली. मगच पंख्याला हात लावला. “आधी खोटं, मग खरं, भाऊसाहेब!”

हे माझे शेजारी. निवृत्त झाले अणुऊर्जा केंद्रातून. किरणोत्सर्गाने दूषित झालेली जुनी यंत्रं सोडवायची, कापायची, डब्यांत बंद करायची, हे त्यांचं काम. आत फार वेळ थांबणं धोक्याचं, म्हणून बाहेर तसंच लाकडी यंत्र बनवून त्यावर तालीम व्हायची. “आत गेल्यावर नट शोधत बसलात, तर किंमत शरीर मोजतं.” त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाला कधी इजा झाली नाही. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तरी त्यांनी मला बुडवलं, हे सांगितलंच पाहिजे. सातपूरला माझा भंगाराचा धंदा आहे, शून्यातून उभा केलेला. एका बंद कारखान्यातून शिशाची जड पेटी आणली होती. काका सहज चहाला आले, पेटीवरची किरणोत्सर्गाची तीन पात्यांची पुसट खूण पाहिली आणि भोवती दोरी बांधून खुर्ची टाकून बसले.

“काका, उठा! गिऱ्हाईक चाललंय परत!”

“जाऊ दे. धडधाकट घरी पोचेल.”

सरकारी माणसं तपासायला येईपर्यंत ते हलले नाहीत. पेटी रिकामी निघाली! माझा सौदा गेला तो गेलाच. मी तोंड सोडलं, तर म्हणाले, “रिकामी निघाली ना? पेढे वाटा.” ती सल अजून आहे.

परवा सकाळी त्यांनी हाक मारली. मुलगी मंजू बऱ्याच वर्षांनी परदेशातून येणार होती.

“लहानपणी मी घरी आलो की धावत यायची,” काका म्हणाले. “केंद्रातलं तपासणीचं यंत्र रोज मला स्वच्छ ठरवायचं. तरी मी ओरडायचो, लांब हो, अंघोळ होऊ दे. मग ती यायचीच बंद झाली. आज तिला जवळ घ्यायचंय. जमेल असं वाटत नाही. तुम्ही दारात उभे राहा. तुम्ही मंजू.”

“शंभर किलोची मंजू?”

“आधी खोटं.”

ते हात पसरून आले आणि हातभर अंतरावर थांबले. मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा तिथेच थांबले. माझं डोकंच फिरलं.

“काका, पेटी रिकामी आहे! या!”

आले. अंगाला साबणाचा वास होता.

“फार आवळलं का?”

“लेक आहे. आवळा.”

त्यांनी चष्मा पुसला. “परत एकदा?”

दुकान उघडायचं राहिलं होतं. मी पुन्हा दारात जाऊन उभा राहिलो.